मावशीच्या पायावरचे पट्टे

पाय मोजायचा, एवढंच काम होतं. सरांनी ते एका रविवारात बसवलं होतं, आणि त्यातही संध्याकाळ मोकळी ठेवली होती.

सर म्हणजे गणिताचे सर. शाळेत सर म्हणत ते ठीकच, पण पुढेपुढे शेजारी, दूधवाला आणि एकदा रागाच्या भरात सख्खा भाऊही त्यांना सर म्हणाला, तेव्हापासून त्यांनी नावाचा नाद सोडला होता. मोजायचा पाय मावशीचा होता. मावशी सरांच्या आईची धाकटी बहीण, वय बहात्तर, मुक्काम सरांच्याच घरी. चौथ्या वर्षी आलेल्या आजारात तिचा उजवा पाय आत वळला, टाच वर उचलली गेली आणि तळव्याच्या बाहेरच्या कडेला एक उंचवटा आला तो कायमचा. असल्या पायाला दुकानातला बूट चालत नाही. चाळीस वर्षं तिचे बूट एकच म्हातारा कारागीर करत होता. त्याच्याकडे तिच्या पायाचा हुबेहूब लाकडी साचा होता. बूट करणारे त्याला फर्मा म्हणतात. त्या फर्म्यावर चामडं ताणून म्हातारा निम्मे डोळे मिटून बूट शिवायचा. मग त्यानं दुकान बंद केलं. जागा घेणाऱ्यानं फळीवरचे सगळे लाकडी पाय पोत्यात भरून जळणात काढले. आणि दोनच महिन्यांनी मावशीच्या शेवटच्या बुटाचा तळ मधोमध मोडला.

मावशी चालणारी बाई. सकाळी निघाली की वाचनालय, तिथून मैत्रिणीचं घर, तिथे काहीतरी वाद घालायचा आणि लांबच्या रस्त्यानं परत यायचं, असा तिचा वर्षानुवर्षांचा क्रम. आता ती सात आठवडे खिडकीशी बसून होती. कुरकुर नाही, चिडचिड नाही. एकदा आमटीत मीठ घालायचंच राहिलं, तरी ती "छान झालीय" म्हणाली.

सरांची बायको शिवणकाम करायची. पुढची खोली म्हणजे तिचं दुकान. तिनं हे ऐकलं आणि हातातली कात्री खाली ठेवली.

"अहो, काहीतरी करा," ती सरांना म्हणाली. "मावशी गोड बोलायला लागल्यात."

चौकशीअंती एक बूटवाली सापडली. तिशीची, बोलायला तुटक, कामाला चोख अशी तिची ख्याती होती. तिनं मावशीचा पाय दोन्ही हातांत घेऊन बराच वेळ पाहिला.

"बूट मी करीन," ती म्हणाली. "पण फर्मा पाहिजे. फूटपट्टीनं हा पाय कळायचा नाही. प्लास्टरचा साचा घेऊ."

"प्लास्टर नाही," मावशी म्हणाली.

"अर्धा तास तर लागतो, आजी."

"मला आठ महिने लागले होते. पाच वर्षांची होते. प्लास्टर नाही."

सात आठवड्यांतलं हे तिचं पहिलं ठाम वाक्य. त्यामुळे सरांना वाईट वाटण्याऐवजी जरा बरंच वाटलं.

मग रुग्णालय. तिथे पायाचा आकार घेणारं यंत्र होतं. सरांनी ते काचेपलीकडे प्रत्यक्ष पाहिलं. यंत्रापर्यंत जायला एक अर्ज होता. अर्ज भरला, शिक्का बसला, आणि पाच महिन्यांनंतरची तारीख मिळाली. कागदावर मावशीचा डावा पाय लिहिला होता. सरांनी चूक दाखवली. खिडकीतल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की पाय बदलायचा असेल तर नवा अर्ज करावा लागेल आणि तारीख पुन्हा सुरुवातीपासून. "तोपर्यंत डावा मोजून घ्या," त्या म्हणाल्या, आणि त्या मनापासून मदत करू पाहत होत्या यात शंका नाही.

सर घरी आले ते मान खाली घालून. पण सरांच्या डोक्यात एक जुनी गोष्ट घोळत होती. ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती, कारण ती मुख्याध्यापिकाबाईंच्या नाकाविषयी होती.

झालं होतं असं. मागच्या वर्षी शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात शाळेचा प्रोजेक्टर बिघडला आणि पडद्यावर नुसते काळेपांढरे उभे पट्टे दिसू लागले. मुख्याध्यापिकाबाई "थांबा, बघते" म्हणून नेमक्या त्या उजेडात जाऊन उभ्या राहिल्या. बाकीचे शिक्षक जांभया देत होते. सर बाजूच्या खुर्चीत होते, आणि त्यांना दिसलं की भिंतीवर सरळ असलेले पट्टे बाईंच्या चेहऱ्यावर वाकलेत. गालावर थोडे, कपाळावर थोडे, आणि नाकावर तर पट्टा चक्क बाजूला सरकलाय. नाक जितकं पुढे, तितका पट्टा जास्त सरकलेला. म्हणजे पट्टा किती सरकला हे मोजलं, तर नाक किती पुढे आहे ते नाकाला हात न लावता सांगता येईल. त्या नाकाला हात लावण्याची शाळेत कुणाची टाप नव्हती, त्यामुळे ही पद्धत सरांना फारच सभ्य वाटली. नंतर वाचनालयात शोधल्यावर कळलं की जगात लोक हे रोज करतात. पुतळे मोजतात, दात मोजतात.

आता त्यांनी बायकोच्या शिवणाच्या टेबलावर दोन टाचण्या खोचल्या आणि दोन्हींना दोरे बांधले.

"ही टाचणी म्हणजे दिवा. इथून पट्टा निघाला. ही टाचणी कॅमेरा. तिला तो पट्टा पायावर दिसला. दोन्ही दोरे जिथे भेटतात तिथे पाय." त्यांनी दोऱ्यांची टोकं जुळवली. "दोन टाचण्यांमधलं अंतर आपल्याला माहीत. दोन्हीकडचे कोन माहीत. मग तिसरा कोपरा पळून जाणार कुठे?"

बायको दोऱ्यांकडे पाहत राहिली. "टेपनं मला घेर कळतो, लांबी कळते," ती म्हणाली. "पण खांदा नेमका कुठे उतरतो ते टेप सांगत नाही. तिथे मी हात फिरवून बघते."

"हा उजेडाचा हात," सर म्हणाले. हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की आठवडाभरात त्यांनी ते चार जणांना ऐकवलं.

प्रोजेक्टर शाळेचा होता. तो घरी न्यायचा तर अर्ज, आणि अर्जात 'कारण' असा रकाना. सरांनी खरं ते लिहिलं: 'मावशीचा पाय.' अर्ज परत आला. कारणं तीनच चालत होती, व्याख्यान, संमेलन आणि प्रशिक्षण. सरांनी 'प्रशिक्षण' लिहिलं. अर्ज पुन्हा परत आला, कारण प्रशिक्षण म्हटलं की प्रशिक्षणार्थी कोण हे लिहावं लागतं. सव्वीस वर्षं ज्यांच्या अर्जात कधी काना-मात्रा चुकली नाही, त्या माणसाला शिपायानं दारातून दोनदा परत पाठवावं, हे सरांना फार लागलं. तिसऱ्या खेपेला मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांना आत बोलावलं.

"सर, हे सुचलं कुठून तुम्हाला?"

"मासिकात वाचलं, बाई," सर त्यांच्या नाकाकडे न पाहता म्हणाले.

बाईंनी थोडा विचार केला आणि प्रशिक्षणार्थीच्या रकान्यात स्वतःचं पद लिहिलं. "रविवारी मी येते. प्रोजेक्टर माझ्या जबाबदारीवर आहे. मी समोर असले पाहिजे."

रविवारी बारा वाजता सरांच्या बायकोनं खोलीच्या खिडक्यांना काळं अस्तराचं कापड टाचलं. उजेड असला की पट्टे पुसट दिसतात, म्हणून अंधार हवा होता. भरदुपारी काळ्या झालेल्या खिडक्या पाहून पाच मिनिटांत खालचे काका वर आले. खालचे काका निवृत्त सर्वेक्षक. आयुष्यभर जमिनी मोजलेले. ते आले तेच चेहरा पाडून, आवाज खाली आणून.

"केव्हा झालं?" त्यांनी विचारलं.

"अजून व्हायचंय," मावशी आतून म्हणाली. "आत या."

काका आत आले ते गेलेच नाहीत. त्यांच्या मते या कामाला प्रोजेक्टर नको होता, चांगली दुर्बीण आणि एक खुंटी पुरेशी होती. डोंगर मोजलेत आम्ही, पाय काय घेऊन बसलात. सरांनी ऐकून घेतलं. जाणकार माणसाचा सल्ला नाकारायला वेळ फार लागतो, आणि ऐकून घ्यायला त्याहून थोडा कमी.

आधी यंत्रणा जुळवायची होती. त्यासाठी बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन छापलेला कागद सपाट फळीवर चिकटवून तो कॅमेऱ्यासमोर निरनिराळ्या बाजूंनी धरायचा असतो. त्यावरून संगणकातला प्रोग्राम दिवा कुठे आणि कॅमेरा कुठे ते ओळखतो. फळी धरायचं काम मुख्याध्यापिकाबाईंनी आपणहून घेतलं. "जरा तिरकी, बाई. आणखी. आता मागे." इतक्या वर्षांत बाईंना कुणी मागे व्हायला सांगितलं नव्हतं, पण त्या झाल्या.

सरांनी चौकोनाची बाजू पंचवीस मिलिमीटर अशी भरली. बायकोनं सवयीनं टेप लावला.

"चोवीस आहे."

"मी पंचवीसच छापायला सांगितलेत."

"छापणाऱ्यानं कागदात बसवायला लहान केलं असेल. टेप चोवीस म्हणतोय."

सरांनी मुकाट्यानं चोवीस भरलं. हा एक मिलिमीटर राहिला असता तर बूट बोटभर मोठा झाला असता. सरांनी ते मनातल्या मनात गुणाकार करून पाहिलं आणि बायकोबद्दलचा त्यांचा आदर, जो आधीही कमी नव्हता, तो आणखी वाढला.

मग मावशी पलंगावर पालथी झोपली, पाय कडेच्या बाहेर. चमकणारी कातडी कॅमेऱ्याला फसवते म्हणून बायकोनं पायावर पावडर लावली. आणि इथे कुणाच्या ध्यानीमनी नसलेली अडचण उभी राहिली. मावशीला गुदगुल्या होत होत्या.

पट्ट्यांचा एक संच आठ सेकंद चालायचा. आधी एकच जाड पट्टा, मग दोन, मग चार, मग आणखी बारीक बारीक. तेवढा वेळ पाय दगडासारखा स्थिर हवा. सहाव्या सेकंदाला मावशीचा अंगठा हलायचा.

"उजेडानं कुणाला गुदगुल्या होतात का, मावशी?"

"उजेडानं नाही होत. तुम्ही चौघं माझ्या तळव्याकडे टक लावून बसलाय, त्यानं होतात."

पहिल्या संचात संगणकावर जो पाय उमटला त्याला सहा बोटं होती. दुसऱ्यात टाच दोनदा आली. काका म्हणाले की डोंगराचं एक बरं असतं, तो हसत नाही. शेवटी मुख्याध्यापिकाबाई उठल्या, मावशीच्या उशाशी जाऊन बसल्या आणि वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "तेराचा पाढा म्हणा. मनात. चुकलात तर पुन्हा पहिल्यापासून."

मावशी गप्प झाली. पट्टे सुरू झाले. अंधाऱ्या खोलीत त्या वाकड्या पायावरून उजेडाच्या रेघा सरकत गेल्या. उंचवट्यावर चढल्या, खळग्यात उतरल्या, घोट्याभोवती वळल्या. काकांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. सर आकडे विसरून नुसते पाहत होते. आयुष्यभर फळ्यावर काढलेला त्रिकोण, हजारदा काढलेला आणि पुसलेला, इथे एका क्षणात लाखभर ठिकाणी सुटत होता आणि प्रत्येक ठिकाणी त्याचं उत्तर बरोबर येत होतं.

पाच बाजूंनी पाच संच घेऊन प्रोग्रामनं ते एकत्र जोडले. पडद्यावर राखाडी रंगाचा एक पाय हळूहळू फिरू लागला. मावशी उठून बसली आणि पाहू लागली.

तिनं आपला पाय असा कधी पाहिलाच नव्हता. जाड मोज्यात घालून, दुसऱ्या पायामागे लपवून तिनं तो आयुष्यभर नेला होता. मागून कसा दिसतो, खालून कसा दिसतो, हे तिला ठाऊकच नव्हतं.

"हा असा आहे होय," ती म्हणाली.

सरांना उगीच वाटलं, हे दाखवायला नको होतं.

"केवढ्याशा जागेवर उभी राहते मी," मावशी म्हणाली. तिनं पडद्यावर बोट टेकवलं, उंचवट्याच्या टोकाला. "एवढ्यावर. अडुसष्ट वर्षं. खालचे काका, तुमचा एखादा डोंगर एवढ्यावर उभा राहील?"

"नाही," काका म्हणाले. आणि त्यांनी त्याला पुस्ती जोडली नाही, हे त्यांच्या ओळखीच्या कुणालाही खोटं वाटेल.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण पाय संगणकात होता आणि बूटवालीला तो लाकडात हवा होता. गावात लाकूड यंत्रावर कोरणारं दुकान एकच होतं. ते मुख्यतः शिक्के करून द्यायचं. दुकानदारानं फाइल घेतली, "चार दिवस" म्हणाला, आणि नवल म्हणजे चौथ्या दिवशी फर्मा तयार होता. गुळगुळीत, देखणा. सरांनी तो कागदात गुंडाळून, नवजात बाळ न्यावं तसा बूटवालीकडे नेला.

बूटवालीनं तो एकदा फिरवला. "हा पाय त्यांचा नाही."

"असं कसं? मी स्वतः मोजलाय."

"अंगठा बघा कुठल्या बाजूला आहे."

फर्मा डावा होता. वाकण तेच, उंचवटा तोच, पण सगळा पाय उजव्याचा डावा झाला होता. सर घरी आले आणि तीन दिवस वह्यांत तोंड खुपसून बसले. कोन पुन्हा काढले, चिन्हं तपासली. कुठेतरी अधिकाच्या जागी उणे पडलं असणार. बातमी खाली पोचली आणि काका येऊन हळहळले: "दुर्बीण असती तर हे झालं नसतं." शाळेत मुख्याध्यापिकाबाईंनी काही विचारलं नाही, आणि ते जास्त लागलं. सरांना आपल्या सव्वीस वर्षांच्या नोकरीबद्दलच शंका येऊ लागली. न जाणो, किती मुलांच्या डोक्यात त्यांनी डावं-उजवं उलटं घातलं असेल.

चौथ्या दिवशी बायको कापड बेतत होती. तिनं फर्मा उचलला, इकडून तिकडून पाहिला आणि गिऱ्हाइकांसाठी लावलेल्या मोठ्या आरशासमोर धरला.

"अहो, इकडे या."

आरशात मावशीचा पाय होता. उजवा, अचूक, घोट्यावरच्या बारीक खळीसकट.

"तुमचं काही चुकलं नाहीये," ती म्हणाली. "मी एका बाहीवरून दुसरी बेतते तेव्हा कापड उलटं टाकते. कुणीतरी तसं केलंय. ते दुकान करतं काय?"

"शिक्के," सर म्हणाले, आणि पुढचं बोलायच्या आत त्यांनी चपला घातल्या.

दुकानदारानं सगळं ऐकलं. त्याला अजिबात ओशाळं वाटलं नाही. "शिक्का उलटाच कोरतात, सर. तेव्हाच कागदावर सुलटा उठतो. आमच्या यंत्राला तशीच सवय आहे. तुम्ही सांगितलं नाहीत की हा पाय कागदावर उठवायचा नाहीये."

खरंच, सरांनी तसं सांगितलं नव्हतं.

दुसरा फर्मा उजवा आला. बूटवालीनं तो हातात घेतला, डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवला आणि एकच शब्द बोलली, "बसा." सरांना कळेना, आता बसायचं कशाला. पण तिला फर्मा मावशीच्या आधीच्या मोडक्या बुटात घालून पाहायचा होता. फर्मा आत गेला तो घरच्यासारखा. ती पहिल्यांदाच हसली. "हे तुम्ही एकट्यानं मोजलं?"

"आम्ही सगळ्यांनी," सर म्हणाले. मुख्याध्यापिकाबाईंची फळी, बायकोचा टेप आणि आरसा, इतकंच काय, काकांचा डोंगरही त्यांना त्या क्षणी त्यात धरावासा वाटला.

बारा दिवसांनी बूट झाला. सर त्या दिवशी खास समारंभाचे बूट घालून, मावशीला रिक्षानं घेऊन दुकानात गेले. बूटवालीनं गुडघ्यावर बसून नाड्या बांधल्या. मावशी उभी राहिली. दुकानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली आणि परत आली.

"कुठे टोचतंय?"

"कुठेच नाही."

"नीट सांगा, आजी. आत्ता सांगितलंत तर मला दुरुस्त करता येईल."

"कुठेच नाही म्हणते ना. म्हाताऱ्याचा बूट करंगळीला लागायचा. चाळीस वर्षं मी समजत होते, बूट म्हणजे करंगळीला लागतोच."

बाहेर रिक्षा थांबली होती. मावशीनं तिच्याकडे पाहिलंही नाही. ती फुटपाथवर उतरली आणि चालू लागली. जुनी लय, एक पाऊल लांब, एक आखूड. सर रिक्षावाल्याला जायला सांगून मागे धावले. चौक गेला, भाजीची दुकानं गेली, वाचनालयाच्या पायऱ्यांवरून कुणीतरी तिला हाक मारली आणि तिनं हात वर केला, पण थांबली नाही. गर्दीत तिची पाठ कधी दिसायची, कधी नाही. सरांच्या छातीत काहीतरी भरून आलं, ते कौतुक होतं की धाप, हे त्यांना नक्की सांगता आलं नसतं.

वळणावर ती भिंतीला टेकून वाट पाहत उभी होती.

"लंगडतोयस का?"

"बूट चावतोय."

"कितवा नंबर?"

"आठ."

"तुझा पाय आठचा आहे?"

"दुकानदार म्हणाला."

"तो म्हणाला," मावशी म्हणाली, "आणि तू मोजला नाहीस."

मावशीनं आपला खांदा पुढे केला. उरलेला रस्ता ती हळू चालली, आणि सर तिच्या खांद्याचा आधार घेऊन, तिच्या पावलाशी पाऊल जुळवत, एक लांब, एक आखूड टाकत घरी आले.